दाल्मेशियाचा किनारा आणि आईची पाण्याची बाटली

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही घरातील पाच जण क्रोएशिया देशाच्या दाल्मेशिया किनाऱ्याने शिडाच्या नौकेतून सात दिवस फिरलो. मुलगा आणि सून जर्मनीत नोकरी करतात. बेत त्यांचा, पैसे निम्मे त्यांचे आणि हट्ट पूर्णपणे सुनेचा. मी, माझी पत्नी आणि आमची आई असे तिघे भारतातून गेलो. आईचे वय ७७. तिला न्यावे की नाही यावर घरात महिनाभर खल झाला. शेवटी तिनेच निकाल दिला, "मी विजयदुर्गाहून आगबोटीने मुंबईला जात होते तेव्हा तुम्ही कोणी जन्मालाही आला नव्हतात."

प्रवासवर्णन लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. परंतु या सात दिवसांत मी, तीस वर्षे रुग्ण तपासणारा माणूस, एक साधी गोष्ट विसरलो, आणि ती मला परक्या देशातील एका तरुण डॉक्टर मुलीने आठवून दिली. ती आपल्यापर्यंत पोहोचावी, म्हणून हा लेख.

शिडाची गती

दाल्मेशिया म्हणजे भूमध्य समुद्राचाच एक लांबट फाटा असलेल्या एड्रियाटिक समुद्राचा पूर्व किनारा. क्रोएशियाच्या वाट्याला हजाराहून अधिक बेटे, बेटुकली आणि खडक आले आहेत, आणि त्यांतील बरीचशी किनाऱ्याला समांतर, एकामागे एक उभी आहेत. त्यामुळे मोकळ्या समुद्राच्या लाटा आतपर्यंत फारशा येत नाहीत. वृद्ध माणसांना घेऊन नौकाविहार करायचा, तर हा किनारा सोयीचा, तो या कारणाने.

आमची नौका कॅटामरान जातीची, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर एक रुंद फळी टाकावी तशी. ती एका बाजूला फार कलत नाही. सोबत एक कप्तान होता, पन्नाशीचा, मितभाषी आणि उन्हाने रापलेला. वारा असला की शिडे उभारायची, नसला की इंजिन. वेग ताशी पाच ते सहा सागरी मैल, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर. आपल्याकडे सायकलवरून शाळेला जाणारा मुलगा याहून लवकर पोहोचतो. पहिल्या दिवशी हा वेग मला असह्य झाला. दर पंधरा मिनिटांनी मी भ्रमणध्वनी पाहत होतो. दवाखाना एका मित्राकडे सोपवलेला, तरी मन तिथेच. तिसऱ्या दिवशी मात्र ते यंत्र कुठे ठेवले हेही मला आठवेना.

प्रवास स्प्लिट या बंदरातून सुरू झाला. रोमन सम्राट डायोक्लेशियन याने आजारपणानंतर इ.स. ३०५ मध्ये आपणहून सत्ता सोडली आणि तो येथे बांधलेल्या प्रासादात येऊन राहिला. आज त्या प्रासादाच्या भिंतींच्या आत अख्खे जुने शहर नांदते आहे. रोमन कमानींना लागून खानावळी आहेत, आणि सतराशे वर्षांच्या दगडी भिंतींवरच्या खिडक्यांतून कपडे वाळत घातलेले दिसतात. सत्ता पुन्हा हाती घ्या, अशी गळ घालायला लोक आले, तेव्हा सम्राटाने त्यांना स्वतः लावलेल्या कोबीचे कौतुक ऐकवले, अशी कथा आहे. माझी पत्नी माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, ऐकलंत ना? सम्राटालासुद्धा दवाखाना बंद करता आला."

बोट लागणे

पुढे जाण्यापूर्वी, जो प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल त्याचे उत्तर देतो. होय, आम्हांला बोट लागली. आईला नव्हे, मला.

आपल्या अंतर्कर्णात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. नौका हलते तेव्हा ती मेंदूला सांगते की आपण हलत आहोत. त्याच वेळी आपण खाली मान घालून पुस्तक वाचत असलो किंवा खालच्या खोलीत बसलो असलो, तर डोळे सांगतात की सारे काही स्थिर आहे. या दोन परस्परविरोधी निरोपांतून मळमळ, घाम आणि उलटी सुरू होते. उपाय यातूनच निघतो. उघड्यावर, नौकेच्या मध्यभागी बसावे, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी असतात. दृष्टी दूर क्षितिजावर ठेवावी. पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. आल्याचा तुकडा चघळल्याने काहींना बरे वाटते. या त्रासावरच्या गोळ्या प्रवासाच्या अर्धा-एक तास आधी घेतल्या तरच उपयोगी पडतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. त्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि वृद्धांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मी हे सारे जाणत असूनही पहिल्या दुपारी खाली बसून दोन दिवसांची वर्तमानपत्रे वाचत होतो. व्हायचे तेच झाले. आई वर डोलकाठीशेजारी बसून क्षितिजाकडे पाहत होती. मला पाहून हसली आणि म्हणाली, "आम्हांला बोट लागायची नाही. आम्ही चढण्याआधीपासून काही खायचो नाही, प्यायचो नाही, ते थेट भाऊच्या धक्क्यापर्यंत." तिच्या या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवे होते. मी उलटीच्या पिशवीकडे लक्ष देत होतो.

ओहोटी नसलेला समुद्र

ब्राच बेटावर एक रात्र काढून आम्ही ह्वार बेटावरच्या स्तारी ग्राद या गावी आलो. नावाचा अर्थच ‘जुने शहर’. इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरचे ग्रीक येथे वसाहत करून राहिले. गावामागच्या मैदानाची त्यांनी दगडी बांध घालून चौकोनी वाफ्यांत विभागणी केली. ती विभागणी आजही दिसते, आणि त्याच वाफ्यांत आजही द्राक्षे व ऑलिव्ह पिकतात. युनेस्कोने २००८ मध्ये या मैदानाला जागतिक वारसास्थळ म्हटले.

संध्याकाळी धक्क्यावर फिरताना आई पाण्याकडे टक लावून पाहत होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "अरे, इथे ओहोटी होत नाही का?" कोकणच्या माणसालाच सुचेल असा हा प्रश्न. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्याने तेथे भरती-ओहोटी अगदी थोडी. या भागात पाणी जेमतेम वीतभर वर-खाली होते. म्हणून घरांचे उंबरठे अगदी पाण्यालगत असतात आणि धक्क्याला नौका बांधून लोक निर्धास्त झोपतात. पाणी मात्र खारट. एका लिटरला सुमारे ३८ ग्रॅम मीठ, तर महासागरात सरासरी ३५ ग्रॅम. त्यामुळे अंग तरंगते छान, पण पोहून आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ केली नाही तर त्वचा खाजते. किनारे वाळूचे नसून खडकांचे, आणि खडकांवर काटेरी समुद्री साळिंदे चिकटलेली असतात. रबरी जोडे घातल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये, हे मुलाने स्वतःच्या टाचेवर प्रयोग करून सिद्ध केले.

रात्री जेवणात भाजलेले पेडवे होते, अर्थात तिथली सार्डिन. त्यांवर ऑलिव्ह तेल, लिंबू आणि लसूण, एवढेच. सोबत ‘ब्लित्वा’ नावाची पालेभाजी, बटाटा घालून केलेली. आईने पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "चाकवताची बहीण आहे. हिला फोडणी घालायला विसरलेत."

भूमध्य प्रदेशातील आहाराविषयी आपण बरेच वाचले असेल. अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९५८ मध्ये सात देशांतील पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यात दाल्मेशियातील खेडीही होती. युनेस्कोने २०१३ मध्ये ज्या देशांच्या वतीने भूमध्य आहाराची नोंद अमूर्त वारशात केली, त्यांत क्रोएशिया आहे. पण या नावाखाली महागडे तेल विकत घेऊन तळलेल्या पदार्थांवर ओतण्याची जी पद्धत आपल्याकडे पडू लागली आहे, तिच्याशी या वारशाचा संबंध नाही. त्या खेड्यांतील माणसे भाज्या, कडधान्ये, मासे आणि भाकरीसारखा जाड पाव खात. मांस आणि गोड सणासुदीला. दिवसभर चढउतारावर कष्ट करीत. आणि जेवायला सारे घर एकत्र बसे. आपल्या ताटातील उसळ, पालेभाजी, ज्वारी-नाचणीची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे या विचारापासून मुळीच दूर नाहीत. आम्ही त्या रात्री दोन तास जेवत होतो. घरी आमचे जेवण पंधरा मिनिटांत आटोपते, तेही दूरदर्शनसंचासमोर.

कोर्चुलाच्या धक्क्यावर

चौथा दिवस सर्वांत लांब पल्ल्याचा होता. ह्वारहून कोर्चुला बेटाकडे जायचे होते. या समुद्रावर उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून ‘माएस्त्राल’ नावाचा सुखद वारा वाहतो. आपण शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, त्यांतल्या खाऱ्या वाऱ्याचाच हा भाऊबंद. त्या दिवशी तो थेट आमच्या मागून येत होता. नौका वाऱ्याच्याच दिशेने चालली की नौकेवर वारा लागत नाही. शिडे फुगलेली, वेग चांगला, आणि आम्ही मात्र तव्यावर बसल्यासारखे. वरून ऊन आणि खालून पाण्यावरचे परावर्तन. मी सर्वांना टोप्या घालायला लावल्या, मलम फासायला लावले. आईला रक्तदाबाची गोळी घेतलीस का, म्हणून विचारले. तिने मान डोलावली. डॉक्टर मुलगा आपले कर्तव्य करून मोकळा झाला.

दुपारी चारच्या सुमारास कोर्चुलाचा तट दिसू लागला. नौका धक्क्याला लागली. आई बाकावरून उठली, दोन पावले चालली आणि काही न बोलता खाली बसली. बसली म्हणण्यापेक्षा ढासळली. सुनेने मागून धरले म्हणून डोके वाचले. कोपर मात्र कठड्यावर आपटले. चेहरा पांढरा फटक, नाडी वेगवान. आडवी केल्यावर डोळे उघडले. रक्तदाब मोजला तर बसून ११० आणि उभे केल्यावर ८६.

त्या पाच मिनिटांत माझ्या मनात जे आले ते प्रामाणिकपणे सांगतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पोटात रक्तस्राव. एकामागून एक सारी भयंकर निदाने. हात थरथरत होते. रुग्णाच्या नातेवाइकांना धीर देण्याची जी वाक्ये मला पाठ आहेत, त्यांतले एकही मला स्वतःला सांगता येईना.

कप्तानाने दूरध्वनी केला आणि आम्ही गावातील आरोग्य केंद्रात पोहोचलो. तेथील डॉक्टर मुलगी तिशीचीही नसेल. तिने हृदयालेख काढला, रक्त घेतले. मी आईच्या औषधांची यादी, जुने अहवाल, माझ्या शंका असे सारे तिच्यासमोर मांडू लागलो. तिने शांतपणे ऐकले आणि साध्या इंग्रजीत विचारले, "आज यांनी किती पाणी प्यायले? आणि लघवीला कितीदा गेल्या?"

मी प्रश्न मराठीत आईला विचारला. आई गप्प. मग माझ्याऐवजी सुनेकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "सकाळी गोळीपुरतं घेतलं. काल पण तसंच. त्या डबीत मला जाता येत नाही गं."

डबी म्हणजे नौकेवरचे शौचालय. कपाटाएवढी जागा, दोन उंच पायऱ्या उतरून जायचे, हेलकावत तोल सांभाळायचा, आणि काम झाल्यावर हातपंप दहा-बारा वेळा मारायचा. तो पंप तिला जमत नव्हता. पंपाचा आवाज साऱ्या नौकेवर ऐकू जाई, त्याची तिला लाज वाटत होती. मुलाला सांगणे अवघड, नातवाला त्याहून अवघड. म्हणून तिने तिला ठाऊक असलेला उपाय केला. पाणी पिणेच सोडले. विजयदुर्ग ते भाऊचा धक्का हाच उपाय तिने लहानपणापासून केला होता.

एक गोळी आणि एक न विचारलेला प्रश्न

नेमके काय घडले ते समजून घेऊ, कारण हे आपल्या घरातही घडू शकते. आईच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले आहे. पुष्कळ ज्येष्ठांच्या गोळीत ते असते आणि ते चांगले औषध आहे. ते शरीरातील मीठ आणि पाणी थोडेथोडे बाहेर टाकते. त्यात घामाने आणखी पाणी गेले, आणि पिणे जवळजवळ बंद. वय वाढले की तहानेची जाणीवही मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा तसे सांगत नाही. रक्तवाहिन्यांतील द्रव कमी झाला. बसले असताना कसाबसा टिकलेला रक्तदाब उभे राहताच घसरला, मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर अपुरे पडले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. उभे राहिल्यावर वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक घटला, तर त्याची दखल घ्यावीच लागते. आईच्या रक्तातील सोडियमही थोडे कमी आले होते. हृदयालेख नेहमीसारखा होता.

शिरेतून सलाइन दिल्यावर रात्री नऊपर्यंत तिचा चेहरा पूर्ववत झाला. गोळी दोन दिवस थांबवायची आणि रक्तदाब रोज बसून व उभे राहून मोजायचा, असे ठरले. (हा निर्णय तपासण्या पाहून घेतलेला होता. आपल्या मनाने रक्तदाबाची गोळी कोणीही बंद करू नये.) निघताना त्या डॉक्टर मुलीने आईचा हात हातात घेतला आणि पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. भाषेची गरज पडली नाही.

मी त्या रात्री धक्क्यावर बराच वेळ एकटा बसून होतो. गोळी घेतलीस का, हे मी आईला रोज विचारीत होतो. पाणी प्यायलीस का, हे एकदाही विचारले नाही. का पीत नाहीस, हा तर त्यापुढचा प्रश्न. आणि मला माझ्या दवाखान्यातील बायका आठवल्या. एस.टी.ने दोन तास प्रवास करून येणारी शिक्षिका, बाजारात भाजी विकणारी मावशी, शेतावर राबणारी सून. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होतो म्हणून त्या येतात. "पाणी भरपूर प्या" हे वाक्य मी त्यांच्या चिठ्ठीवर कित्येक वेळा लिहिले आहे. त्या मान डोलावून जातात. प्यायलेले पाणी दिवसभरात कुठे सोडायचे, हे मी विचारीत नाही आणि त्या सांगत नाहीत. तहान लागली असतानाही पाणी न पिण्याचे शिक्षण आपल्याकडे मुलींना फार लवकर मिळते. माझ्या आईला ते मिळाले होते, आणि तिचा मुलगा डॉक्टर होऊनही ते पुसू शकला नव्हता.

सकाळी सुनेने सूत्रे हाती घेतली. "आजी, पंप मी मारणार. तुम्ही फक्त हाक मारायची." कप्तानाला सांगून तिने दर दोन-अडीच तासांनी धक्का किंवा शांत खाडी गाठायची असे वेळापत्रक करून घेतले. आईच्या बाटलीवर तिने काळ्या शाईने रेघा आखल्या. या रेघेपर्यंत दहा वाजता, त्या रेघेपर्यंत बारा वाजता. आई थोडी कुरकुरली, पण तिने पाणी प्यायले. कप्तान त्या बाटलीला ‘आजीचा भरतीमापक’ म्हणू लागला. ओहोटी नसलेल्या समुद्रावर निदान एका ठिकाणी तरी पाणी नियमाने वर-खाली होत होते.

म्ल्येतचे सरोवर आणि मुंगूस

म्ल्येत हे हिरवेगार, चीडवृक्षांचे बेट. त्याचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे दोन खाऱ्या पाण्याची सरोवरे आहेत, एका अरुंद वाटेने समुद्राला जोडलेली. मोठ्या सरोवरातल्या बेटावर बाराव्या शतकातला बेनेडिक्टिन मठ उभा आहे. पाणी स्थिर आणि समुद्राहून ऊबदार.

या बेटावर आपल्या देशाचा एक रहिवासी आहे. एके काळी म्ल्येतवर विषारी सापांचा सुळसुळाट होता. १९१०च्या सुमारास तेव्हाच्या ऑस्ट्रियन राजवटीने त्यांच्या बंदोबस्तासाठी भारतातले मुंगूस आणून सोडले. मुंगसांनी साप जवळजवळ संपवले. पण साप संपल्यावर ते थांबले नाहीत. पक्षी, त्यांची अंडी, लोकांच्या कोंबड्या यांवर त्यांची संक्रांत आली. आज तेथे मुंगूस हीच समस्या मानली जाते. ही हकिकत ऐकून मला हसू आले आणि आदल्या दिवसाची आठवणही झाली. औषध आपले नेमून दिलेले काम करीत राहते. भोवतालची परिस्थिती बदलली हे त्याला कळत नाही. ते पाहण्याचे काम आपले.

आई सरोवराच्या काठावर पाय सोडून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मला पोहता यायचं." हे मला ठाऊकच नव्हते. वाघोटनच्या खाडीत ती भावांबरोबर पोहायला शिकली होती. बाराव्या-तेराव्या वर्षी ते बंद झाले आणि पुन्हा कधी विषय निघाला नाही. पत्नीने तिच्या अंगात तरंगजाकीट अडकवले, सून आणि ती दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या, आणि आई पंजाबी पोशाखासकट पाण्यात उतरली. आधी कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत. मग तिने दोघींचे हात सोडले आणि पाठीवर होऊन तरंगू लागली. मी काठावर रक्तदाबमापक घेऊन बसलो होतो. मुलाने ते माझ्या हातातून काढून घेतले.

दुब्रोव्हनिकचा एक महिना

शेवटचा मुक्काम दुब्रोव्हनिक. तटबंदीचे हे देखणे शहर पाहायला जग लोटते. पण आरोग्याची आस्था असलेल्यांनी येथे आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. फ्रान्सिस्कन मठातील औषधालय १३१७ चे असून ते युरोपातील अतिशय जुन्या औषधालयांपैकी एक आहे. तेथे आजही औषधे मिळतात. आणि तटाबाहेर समुद्रालगत लाझारेती नावाच्या दगडी इमारतींची रांग आहे. प्लेगच्या काळात, १३७७ मध्ये, या नगरराज्याने ठराव केला की साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस बाहेर वेगळे राहावे. पुढे इतर बंदरांत हे तीस दिवस चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द जगभर रूढ झाला. लाझारेतीच्या इमारती नंतरच्या शतकांतल्या, पण विचार तोच.

पुण्यामुंबईने १८९६-९७ चा प्लेग पाहिला आणि आपण सर्वांनी कोविडचा विलगीकरणाचा काळ अनुभवला, म्हणून त्या भिंतींशी उभे राहताना हा इतिहास परका वाटला नाही. जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या त्या नगरसभेने केवळ निरीक्षणावरून, आलेल्या माणसाला आधी थांबवून पाहायचे, हे ओळखले होते. नीट पाहणे आणि नीट विचारणे, हे वैद्यकाचे सर्वांत जुने साधन आहे.

आपण निघण्यापूर्वी

असा प्रवास सर्वांनीच करावा असे मी म्हणणार नाही. तो खर्चिक आहे. पण पुढील गोष्टी अलिबागच्या लाँचलाही लागू आहेत आणि पंढरपूरच्या बसलाही.

घरातील ज्येष्ठांना घेऊन निघण्यापूर्वी त्यांच्या औषधांत लघवी वाढवणारे औषध आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा आणि उन्हाच्या प्रवासात किंवा जुलाब-उलट्या झाल्यास काय करायचे ते लिहून घ्या. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी किती प्यायचे हेही त्यांनाच ठरवू द्या. अशा रुग्णांना जास्त पाणीही अपायकारक ठरते. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. बसल्या जागेवरून उठताना आधी क्षणभर पाय हलवावेत, मग उठावे. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टणासह आणि चिठ्ठीसह ठेवावीत. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. त्यात जुने आजार धरले आहेत का, ते वाचून पाहावे.

आणि मुक्काम ठरवताना खोलीतून समुद्र दिसतो का, याआधी शौचालय कुठे आहे, किती पायऱ्या आहेत, आधाराला दांडी आहे का, ते पाहा. पाहिल्यावर घरातील आजीला ते एकांतात नेऊन दाखवा. तिला विचारा, आणि जमल्यास घरातील दुसऱ्या स्त्रीला विचारायला सांगा. मुलगा डॉक्टर असला, तरी ती त्याला सांगेलच असे नाही.

परतीच्या विमानात आम्हांला तीन जागा एका रांगेत मिळाल्या होत्या. जाताना आई खिडकीशी बसली होती आणि आठ तास जागची हलली नव्हती. या वेळी तिने मला खिडकीकडे सरकायला सांगितले. स्वतः मार्गिकेलगत बसली, पट्टा बांधला आणि हवाईसुंदरीला हाक मारून पाणी मागितले. पेला रिकामा झाल्यावर तिने आणखी एक मागितला.